बार, क्लब आणि समान न्याय

एकेकाळी पनवेलचे नाव डान्सबारमुळे गाजले होते. जमिनी विकून आलेला पैसा बारमध्ये उडतो आणि संसार धुळीला मिळतात, अशी लोकांची तक्रार होती. २००५ साली आपले तत्कालीन आमदार विवेक पाटील यांनी हा प्रश्न विधिमंडळात मांडला. गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी बंदीची घोषणा केली आणि कायदा एकमताने संमत झाला.

मग ही बंदी टिकली का नाही? उत्तर कायद्यातच आहे. कलम '३३ अ'ने परमिट रूम व बियर बारमधील नाच बंद केला. कलम '३३ ब'ने मात्र तीन तारांकित व त्यावरील हॉटेले, तसेच फक्त सभासदांसाठी असलेले क्लब व जिमखाने यांना मोकळीक दिली. म्हणजे जे गरिबाच्या बारमध्ये अश्लील, ते श्रीमंताच्या क्लबात करमणूक! १२ एप्रिल २००६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हा भेदभाव घटनाविरोधी ठरविला. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल उचलून धरला. २०१४ मध्ये सरकारने सवलत काढून सरसकट बंदी केली, पण पुढच्याच वर्षी तिला स्थगिती मिळाली.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. बंदीने ज्या बारबालांची रोजीरोटी गेली, त्याही कुणाच्या तरी लेकी-बहिणीच होत्या. विरोध जरूर करावा. परंतु तो बारला आणि क्लबला सारखाच असावा, आणि नाचणारीला पर्यायी काम देणारा असावा. एरवी तो न्यायालयातही टिकत नाही आणि मनालाही पटत नाही.