जावा आज्ञावलीची पार्श्वसेवा

जावा या भाषेतील आज्ञावली संगणक सुरू होताच आपोआप सुरू व्हावी, कोणीही लॉग-इन केलेले नसताना चालू राहावी आणि तिच्यावर संचालन प्रणालीची देखरेख असावी, यासाठी ती पार्श्वसेवा म्हणून चालवली जाते. अशा सेवेला युनिक्स परंपरेत 'डीमन', तर विंडोजमध्ये 'सर्व्हिस' म्हणतात. जावातील 'डीमन थ्रेड' ही संकल्पना मात्र वेगळी आहे.

गरज

टर्मिनलवरून सुरू केलेली आज्ञावली त्या टर्मिनलशी जोडलेली असते. टर्मिनल बंद झाल्यावर तिला 'सिगहप' हा संकेत मिळतो आणि ती सहसा थांबते. 'नोहप' या आज्ञेने हे टळते. परंतु कोसळलेली आज्ञावली पुन्हा सुरू करणे 'नोहप'च्या आवाक्याबाहेरचे आहे.

लिनक्स

२०१० साली प्रथम प्रसिद्ध झालेली 'सिस्टमडी' ही व्यवस्था आज बहुतेक प्रमुख लिनक्स वितरणांत आढळते. कोणती आज्ञा चालवायची, कोणत्या वापरकर्त्याच्या अधिकाराने चालवायची आणि ती कोसळल्यास काय करायचे, हे एका छोट्या मजकूर संचिकेत लिहिले जाते. त्यासाठी मूळ जावा आज्ञावलीत सहसा बदल करावा लागत नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने सेवेला 'रूट'ऐवजी मर्यादित अधिकारांचा स्वतंत्र वापरकर्ता देणे श्रेयस्कर ठरते.

विंडोज

विंडोजमध्ये प्रत्येक सेवेने आपली स्थिती 'सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर'ला कळवणे आवश्यक असते. जावा सुरू करणारी नेहमीची आज्ञा हा संवाद साधत नाही. त्यामुळे 'विनएसडब्ल्यू' किंवा अपाचे कॉमन्स डीमनमधील 'प्रोकरन' यांसारखा मध्यस्थ वापरला जातो. अपाचे टॉमकॅट हा सर्व्हर विंडोजवर 'प्रोकरन'च्याच साहाय्याने सेवा म्हणून चालतो.

सेवा थांबवणे

सेवा सुरू करण्यापेक्षा ती नीट थांबवणे अधिक महत्त्वाचे असते. थांबवताना सिस्टमडी प्रथम 'सिगटर्म' संकेत पाठवते. तो मिळताच जावा आभासी यंत्र आधीच नोंदवून ठेवलेले 'शटडाउन हुक' चालवते. हाती घेतलेले काम पुरे करणे, संचिका बंद करणे आणि विदागाराशी असलेली जोडणी सोडणे ही कामे तेथे करता येतात. ठरलेल्या मुदतीत, म्हणजे सामान्यतः ९० सेकंदांत, आज्ञावली न थांबल्यास 'सिगकिल' पाठवला जातो. त्या वेळी कोणताही हुक चालत नाही आणि अर्धवट लिहिलेली माहिती तशीच राहू शकते.

'सिगटर्म'नंतर जावा १४३ हा निर्गमन अंक देते (१२८ अधिक संकेत क्रमांक १५). हा अंक यशस्वी म्हणून नोंदवला नसल्यास सुरळीत थांबलेली सेवाही सिस्टमडीला अयशस्वी दिसते.