ताजमहालाजवळचे स्वस्त लॉज : उतरण्यापूर्वी काय पाहावे?



ऊस तुटून गेला, बिलाचा हप्ता बँकेत जमा झाला, की आपल्या शिरूर-दौंड भागात यात्रेचे बेत सुरू होतात. पूर्वी काशी-रामेश्वर झाले की माणूस धन्य होत असे. आता त्याला आग्रा, दिल्ली, हरिद्वार यांची जोड मिळाली आहे. आपल्या दौंडवरून मनमाड, भुसावळ, भोपाळ करीत उत्तरेकडे जाणाऱ्या झेलम, गोवा, कर्नाटक या एक्सप्रेस गाड्या आग्रा कँटला थांबतात, त्यामुळे आग्र्याला जाणे सोपे झाले आहे. शिवाय आग्रा म्हणजे नुसता ताजमहाल नव्हे. १२ मे १६६६ रोजी शिवछत्रपती ज्या दरबारात ताठ मानेने उभे राहिले तो किल्ला तिथेच, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराज औरंगजेबाच्या पहाऱ्यातून निसटले तेही तिथूनच. तेव्हा मराठी माणसाचे पाय तिकडे वळणारच.

जाणाऱ्यांनी जरूर जावे. परंतु गाडीचे तिकीट आपण दोन-दोन महिने आधी काढतो आणि राहायचे कुठे हे मात्र स्टेशनवर उतरल्यावर ठरवतो. तिथेच सगळे बिघडते. म्हणून हा लेख.

आमचे काय झाले

आधी स्वतःचा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आम्ही घरची सात माणसे आग्र्याला गेलो. बरोबर आई होती. वय पंच्याहत्तरच्या पुढे, गुडघे अधू, पण हौस दांडगी. शुक्रवारी दुपारी स्टेशनवर उतरलो, तर एक माणूस सामानालाच हात घालू लागला. "बाबूजी, ताज के सामने कमरा, सस्ता." भाडे खरेच स्वस्त होते. आम्ही त्याच्या रिक्षात बसलो, काउंटरवर दोन दिवसांचे पैसे मोजले आणि मग खोली पाहिली. खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना अंधारा आणि पायऱ्या उंच. खिडकी उघडली तर समोर शेजारची भिंत. ताज दिसत होता, पण गच्चीवरून, म्हणजे आणखी एक मजला चढून.

हातपाय धुऊन ताज बघायला निघालो, तेव्हा मालक हसून म्हणाला, "आज तो जुम्मा है, ताज बंद." दर शुक्रवारी ताजमहाल पाहुण्यांना बंद असतो हे आम्हाला ठाऊक नव्हते. त्याला ठाऊक होते, पण पैसे घेताना तो बोलला नाही. जेवणाखाण्यासाठी आई तो जिना दोनदा उतरली, दोनदा चढली. शनिवारी सकाळी तिचे गुडघे सुजले. संध्याकाळी परतीची गाडी. आई म्हणाली, "तुम्ही जा पोरांनो, मी बसते हितं. आल्यावर सांगा मला, कसा हाय त्यो." आम्ही सांगितले. पण तिने तो बघितला नाही, तो नाहीच. तिला पुन्हा तेवढा प्रवास झेपला नाही.

वाचलेल्या भाड्याचा हिशेब मी पुष्कळदा केला. तीन-चारशे रुपये वाचले असतील.

जवळ म्हणजे कशाच्या जवळ?

ताजच्या दक्षिणेला ताजगंज नावाची जुनी वस्ती आहे. सतराव्या शतकात ताज बांधला तेव्हाच तिथे बाजार आणि प्रवाशांसाठी सराया बसविल्या होत्या, आणि त्यांचे उत्पन्न ताजच्या देखभालीकडे लावून दिले होते. म्हणजे प्रवाशाला उतरवून घेण्याचा तिथला धंदा साडेतीनशे वर्षांचा जुना! स्वस्त लॉज आजही याच बोळांतून आहेत.

यात एक गोम आहे. ताजगंजला लागून जो दक्षिण दरवाजा आहे, त्यातून पाहुण्यांना आत सोडत नाहीत, तो बाहेर पडण्यासाठी आहे. आत जायचे ते पूर्व किंवा पश्चिम दरवाजाने. म्हणजे दक्षिण दरवाजाला खेटून असलेले लॉज पाटीवर "ताजच्या समोर" असले, तरी म्हाताऱ्या माणसाला वळसा घालून चालावेच लागते. शिवाय ताजपासून ५०० मीटरच्या आत पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना मनाई आहे. तेव्हा आपली गाडी दारापर्यंत येईल असे धरून चालू नये. बॅटरीवरची वाहने मिळतात.

म्हणून "ताज किती लांब?" असे न विचारता असे विचारावे : पूर्व दरवाजा चालत किती? पश्चिम दरवाजा किती? बॅटरी रिक्षा लॉजच्या दारात येते का? स्टेशनपासून ताज पाच-सहा किलोमीटर आहे. चालवत नसेल अशी मंडळी बरोबर असतील, तर थोडे लांबचे पण मोठ्या रस्त्यावरचे, तळमजल्यावर खोली देणारे लॉज बरे. तिथून रिक्षाने जाता येते. पश्चिम-पूर्व दरवाजाच्या तिकीट खिडकीवर चाकाच्या खुर्चीचीही चौकशी करावी.

भाव वेगळा, हातातून जाणारा पैसा वेगळा

उसाचा जाहीर भाव वेगळा आणि तोडणी-वाहतूक वजा जाता हातात पडणारा पैसा वेगळा, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. लॉजचेही तसेच, फक्त उलट्या बाजूने. पाटीवरच्या भाड्यात पुढे भर पडत जाते. म्हणून एकच प्रश्न विचारावा : "सगळं धरून किती?" आणि उत्तर कागदावर लिहून घ्यावे. त्यात पुढील गोष्टी याव्यात.

(१) कर : २२ सप्टेंबर २०२५ पासून रोज ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे. त्यापूर्वी तो १२ टक्के होता. कोणी जुनाच दर लावत असेल तर विचारावे. ज्याने कर घेतला त्याच्या बिलावर १५ अक्षर-अंकांचा जीएसटी नंबर हवाच. नंबर नसेल तर कर कसला?

(२) दिवस कसा मोजतात : काही ठिकाणी २४ तासांचा दिवस, काही ठिकाणी दुपारी १२ ते दुसऱ्या दुपारी १२. पहाटे पाचला उतरलात आणि १२ ते १२ चा हिशेब असला, तर सात तासांत एक दिवस संपतो. उतरण्याची वेळ सांगूनच भाव ठरवावा. उत्तरेत डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्या फार लेट होतात, हेही ध्यानात धरावे.

(३) जादा गादी, गरम पाण्याची बादली, सामान ठेवणे, गाडी उभी करणे, ड्रायव्हरची झोपायची सोय : यांचे वेगळे पैसे आहेत का?

पैसे देण्यापूर्वी खोली पाहणे

काट्यावरचा आकडा बघितल्याशिवाय आपण उसाची गाडी खाली करीत नाही. मग खोली बघितल्याशिवाय पैसे का मोजावेत? सामान रिक्षातच ठेवावे, बायामंडळींना बसू द्यावे, आणि दोघांनी वर जाऊन यावे. नमुन्याची नव्हे, जी खोली मिळणार तीच बघावी. दहा मिनिटे पुरतात.

गादीचा कोपरा उचलून शिवणीत बघावे. काळपट-तांबूस ठिपके दिसले तर ढेकूण आहेत असे समजावे. चादर धुतलेली आहे की नुसती झटकलेली, ते वासावरून कळते. नळ सोडून बघावा, संडासात पाणी टाकून बघावे. गुडघे धरलेल्या माणसासाठी कमोड आहे का पाहावे. दाराला आतून धड कडी आहे का? खिडकी उघडते का?

जिवाशी गाठ असलेल्या दोन गोष्टी

वरच्या उणिवा एक रात्र सोसता येतील. या दोन मात्र नाही.

पहिली, गॅसचा गिझर. न्हाणीघर बंदिस्त असेल आणि आतच गॅसचा गिझर असेल, तर जळताना तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू आत साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला गरगरते आणि तो तिथेच पडतो, कडी आतून लावलेली. तशा ठिकाणी विजेचा गिझर किंवा बाहेरून आणलेली बादली बरी. थंडीत खोलीत कोळशाची शेगडी देतात, तिचाही हाच धोका. दारे लावून शेगडी ठेवून कदापि झोपू नये.

दुसरी, आग. दिल्लीत करोलबागेत १२ फेब्रुवारी २०१९ रोजी पहाटे एका हॉटेलला आग लागून १७ माणसे गेली. झोपेतल्या माणसाला सर्वात मोठा वैरी धूर. म्हणून खोली पाहतानाच दुसरा जिना कुठे आहे ते बघावे आणि त्याचा दरवाजा उघडून बघावा. दुसरा जिना नसेल, किंवा असून त्याला कुलूप असेल, तर तिथे उतरू नये. रात्री खालचे शटर ओढून किल्ली घेऊन नोकर दुसरीकडे झोपायला जात असेल, तरीही उतरू नये. मग खोली फुकट का मिळेना.

मोबाईलवरून खोली धरताना

आता पोरे घरी बसूनच खोली बुक करतात. सोय चांगली आहे. फक्त फोटोवर जाऊ नये, फोटो नवेपणीचे असतात. लोकांनी दिलेल्या शेऱ्यांत सगळ्यात अलीकडचे आधी वाचावेत, आणि त्यातही तक्रारी आधी. एकट्याची तक्रार स्वभावाची असू शकते. चौघांनी वेगवेगळ्या महिन्यांत "पाणी नाही" म्हटले असेल तर पाणी नाही. "फारच छान" एवढेच लिहिलेल्या शेऱ्याला किंमत देऊ नये. जिन्याबद्दल, पाण्याबद्दल, नोकरांबद्दल तपशील असलेला शेरा खरा धरावा.

अनोळखी नंबरवर सगळे भाडे आगाऊ पाठवू नये. प्रसिद्ध ठिकाणांच्या नावाने खोट्या वेबसाइट आणि खोटे फोन नंबर टाकून लुबाडणारे पुष्कळ आहेत. फसगत झालीच तर लाजू नये. ताबडतोब १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करावा, जितका लवकर तितके पैसे अडविण्याची आशा जास्त. बिलाच्या तक्रारीसाठी ग्राहक मदत क्रमांक १९१५, पर्यटकांसाठी १३६३, आणि तातडीला ११२. हे चार आकडे निघतानाच कागदावर लिहून खिशात ठेवावेत.

ओळखपत्र दाखवावे, झेरॉक्स द्यावी, पण झेरॉक्सवर तारीख आणि "फक्त लॉजमध्ये राहण्यासाठी" असे लिहावे. मूळ कार्ड काउंटरवर ठेवून देऊ नये. पैशांची पावती घ्यावी.

ताजबद्दल चार ओळी

शुक्रवारी बंद. इतर दिवशी सूर्योदयाच्या अर्धा तास आधी उघडतो, सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी बंद होतो. तिकीट भारतीयांना ५० रुपये, आत कबरीपाशी जायचे तर आणखी २००. १५ वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. खाण्याचे पदार्थ, काडेपेटी आणि तंबाखू आत नेऊ देत नाहीत. तेव्हा चंची लॉजवरच ठेवावी, दारात काढून घेतली म्हणून वाद घालू नये. म्हातारी माणसे सकाळी लवकर न्यावीत, ऊन कमी आणि गर्दीही कमी.

शेवटी आपल्या घरचे

हे सगळे आग्र्याचे झाले. पण आपणही यात्रेकरूंच्या वाटेवरच राहतो. शिरूर तालुक्यात रांजणगावचा महागणपती, दौंडहून भीमा ओलांडली की सिद्धटेक. चतुर्थीला रांजणगावी काय गर्दी होते ती आपण पाहतो. नगर रस्त्याला आपल्यापैकी कित्येकांच्या पोरांनी खोल्या बांधून लॉज काढली आहेत. चांगली गोष्ट आहे, नुसत्या उसावर आता कुणाचे भागत नाही. त्यांना एवढेच सांगणे, की म्हाताऱ्या माणसाला तळमजल्यावरची खोली द्यावी, भाव सगळा धरून सांगावा, दुसरा जिना मोकळा ठेवावा, आणि दर्शनाची अडचण असेल तर ती पैसे घेण्यापूर्वी सांगावी. आपल्या दारी उतरणाराही कुणीतरी आपली आई घेऊन आलेला असतो.

आणि जाणाऱ्या सभासदांना विनंती ही, की लॉज बघताना स्वतःच्या पायांनी बघू नका. बरोबरच्या माणसांत ज्याचे पाय सर्वात थकलेले, त्याच्या पायांनी जिना मोजा. त्याला जमले तर सगळ्यांना जमले. प्रवास सुखाचा होवो.

– एक ऊस उत्पादक सभासद