अर्बियमचे दोन हिरवे

बीड जिल्ह्यातल्या परळीच्या औष्णिक केंद्रातल्यासारख्या संचांत टर्बाइनकडे जाणारी वाफ साधारण ५४० अंश सेल्सिअसची असते आणि रोटर मिनिटाला ३००० फेरे घेतो. पाइपात तापमान मोजणारा थर्मोकपल बसवता येतो, पण फिरत्या पात्याचं तापमान वायर जोडून घेणं महाजिकिरीचं. मग लांबून मोजायचं, तर करोनात दारोदार दिसलेली इन्फ्रारेड गन आठवते. पण चकचकीत धातू स्वतःची उष्णता कमी फेकतो आणि शेजारची परावर्तित करतो, त्यामुळे तिचा आकडा चुकतो. आमच्याकडच्या गुऱ्हाळात उकळत्या काहिलीवर मी ही गन धरून पाहिली आहे. वाफेचा लोट मध्ये आला की आकडा हलतो. गुळव्या मात्र पाण्यात थेंब टाकतो, बोटांनी गोळी दाबतो आणि काहील उतरवायला सांगतो.

लांबूनच मोजणाऱ्या ज्या तंत्राने मला वेड लावलं, त्यात वस्तूवर अर्बियमसारखं दुर्मिळ मृदा मूलद्रव्य मिसळलेली पूड लावतात, तिच्यावर प्रकाश टाकतात आणि ती परत काय उजळते ते वाचतात. इतिहास थोडक्यात सांगतो. १९३७ साली पॉल नॉयबर्टने अशा चमकत्या पदार्थांनी तापमान मोजण्याचं पेटंट घेतलं. पुढे हे तंत्र विमानांच्या वाऱ्याच्या बोगद्यांत आणि गॅस टर्बाइनमध्ये गेलं. २०१० मध्ये फिओरेंझो वेत्रोने यांनी आणि सहकाऱ्यांनी अर्बियमच्या नॅनोकणांनी जिवंत पेशीच्या आतलं तापमान मोजलं.

आता अर्बियम. ९८० नॅनोमीटरचा लेसर डोळ्याला दिसत नाही. पुडीतलं दुसरं दुर्मिळ मृदा मूलद्रव्य, इटर्बियम, तो शोषतं आणि मिळालेली ऊर्जा शेजारच्या अर्बियमला दोनदा देतं, म्हणून अदृश्य प्रकाशातून हिरवा प्रकाश निघतो. त्यात दोन पट्टे असतात, एक ५२५ नॅनोमीटरच्या आसपास, दुसरा ५५० च्या. ज्या दोन पातळ्यांतून ते निघतात त्यांच्यात ऊर्जेचा फरक इतका थोडा आहे की खोलीतली उष्णताही अर्बियमच्या काही आयनांना वरच्या पातळीवर चढवते. तापमान वाढलं की ५२५ चा पट्टा ५५० च्या तुलनेत बळावतो. आपण या दोघांचं गुणोत्तर घेतो. पूड कमी पडली, लेसर थोडा हलला किंवा काच मळली, तर दोन्ही पट्टे जवळजवळ सारखेच मंदावतात आणि गुणोत्तर टिकून राहतं. खोलीच्या तापमानाला ते अंशागणिक साधारण १ टक्का बदलतं. नुसत्या उजेडावर विसंबणाऱ्या कुठल्याही पद्धतीपेक्षा मला ही जास्त भरवशाची वाटते.

ही पूड करायची रीत तर आणखी सुंदर आहे. इट्रियम, इटर्बियम आणि अर्बियमची नायट्रेटं व यूरिया पाण्यात विरघळवून बशी सुमारे ५०० अंशांच्या भट्टीत ठेवायची. आधी पाणी उडतं, मग द्रव फेसाळून वर येतो, अचानक पेट घेतो आणि काही मिनिटांत बशीत हलकी, भुसभुशीत, पांढरी रास उरते. पुन्हा तापवून घेतली की ती लेसरखाली अधिक उजळते. यूरिया प्रयोगशाळेतला शुद्धच हवा, शेतातला कडुनिंबाचं तेल लावलेला चालत नाही. इटर्बियमचा हात जरा सढळ झाला की हिरव्यावर लाल प्रकाश मात करतो. ज्वलनाची ही वाट के. सी. पाटील यांनी बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रुजवली. अ‍ॅल्युमिनावरचा त्यांचा किंग्सलीसोबतचा निबंध १९८८ चा. नागपूर विद्यापीठात प्रा. एस. व्ही. मोहरील आणि प्रा. संजय ढोबळे यांनी चमकत्या पदार्थांवर आयुष्यभराचं काम केलं आहे.

   

माझं ठाम मत आहे की बीड जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी हा प्रयोग एमएस्सीच्या वर्गात आणावा. मफल भट्टी, लहान स्पेक्ट्रोमीटर, लेसर आणि त्याचे संरक्षक चष्मे एवढं पुरतं. चष्म्यांवर तडजोड नको, न दिसणारा लेसर डोळा घेऊन जातो. लेसरची शक्तीही बेताची ठेवावी, नाहीतर तोच पूड तापवतो आणि आपण त्याचंच तापमान मोजत बसतो. पूड गरम पट्टीवर लावायची, शेजारी थर्मोकपल ठेवायचा, आणि दर १० अंशांना दोन्ही पट्ट्यांचं गुणोत्तर आलेखावर मांडत जायचं.