पाथर्डीला आणखी एक शाळा नको

गरीब मुलांसाठी संस्था काढायची म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे आधी इमारत उभी राहते. मुलं शिकत नाहीत कारण शाळा नाही, असं गृहीत धरलेलं असतं. अहिल्यानगर जिल्ह्यात ते सहसा टिकत नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या कोरडवाहू गावांत जिल्हा परिषदेची शाळा असते, खिचडी शिजते, पटावर नावही असतं. नसतं ते मूल. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या जोड्या मुकादमाची उचल फेडायला निघतात आणि घरी सांभाळायला कुणी नसेल तर पोरंही सोबत जातात. फडावर थोरली बहीण धाकट्याला सांभाळते, पाणी भरते. मार्च-एप्रिलात गावी परतते तेव्हा वर्ग बराच पुढे गेलेला असतो. प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा करणाऱ्या जिल्ह्याच्याच दुसऱ्या टोकाची ही गत. इथे नवी शाळा बांधली तर तीही हंगामात ओसच पडेल.

म्हणून नव्या संस्थेने आधी विचारावं, की मूल गावात कशाने थांबेल. गावातच हंगामी वसतिगृहाची सोय, आजी-आजोबांकडे राहणाऱ्या मुलांचं दोन वेळचं जेवण आणि संध्याकाळचा अभ्यास, गेलेल्या मुलाला कारखान्याजवळच्या शाळेत बसवणं, ही कामं दिखाऊ नाहीत, पण नेमकी आहेत. 'दाखला आणा, मग बघू' हे उत्तर कायद्याला मान्य नाही: शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे दाखल्याअभावी प्रवेश लांबवता वा नाकारता येत नाही. हे मुख्याध्यापकांना समजावणारा, गरज पडली तर ऐकवणारा माणूस फडावर कुठून येणार? तो संस्थेने द्यायचा.

यावर कर्मवीरांचं नाव हमखास पुढे येतं: भाऊरावांनी शाळाच काढल्या ना? काढल्या, कारण १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था निघाली तेव्हा खेडोपाडी त्या नव्हत्याच. पण १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी त्यांनी जे उभं केलं ते वसतिगृह होतं. मूल राहील कुठे आणि खाईल काय, हा प्रश्न त्यांनी कधी सोडला नाही. आपल्या नगरचं स्नेहालयही १९८९ पासून देहविक्रयात अडकलेल्या स्त्रियांच्या मुलांचा हाच प्रश्न हाताळत आलं आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: सरकारी शाळेचा दर्जाच घसरला असेल तर? तरीही स्वतःची शाळा हा उपाय फसवा ठरतो. स्वयंअर्थसहाय्यित शाळेला सरकारी अनुदान नसतं. मग खर्च फीतून निघतो, आणि ज्याच्यासाठी शाळा काढली तोच दारात अडतो.

कागदपत्रांबद्दलही गैरसमज कमी नाहीत. सात सभासद जमवून १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवता येते आणि महाराष्ट्रात ती सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० खालीही नोंदवावी लागते. दोन्ही कामं धर्मादाय कार्यालयात होतात. पण नोंदणी म्हणजे अनुदान नव्हे आणि करसवलतही नव्हे. देणगीदारांना जी 'एटी-जी'ची पावती हवी असते, तिच्यासाठी आयकर खात्याची वेगळी आणि मुदतीची मंजुरी लागते. निराधार मुलं चार खोल्यांत ठेवून 'आश्रम' चालवणं तर थेट गुन्हा ठरू शकतं: बाल न्याय कायदा, २०१५ खाली नोंदणी नसेल तर एक वर्षापर्यंत कैद, किमान एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. हेतू चांगला होता, हा तिथे बचाव नाही.

आणि सेवा फुकटच हवी, हा समज सगळ्यांत महागात पडतो. ना-नफा म्हणजे नफा वाटून घ्यायचा नाही. कामाचा रास्त मोबदला द्यायला कायद्याची आडकाठी नाही. हंगामभर मुलांच्या सोबतीला राहणारी बाई हौसेवर दोन महिने टिकते. जानेवारीत ती गेली की मुलांना फडावर न्यायला आईबाप परत येतात.