रक्तातलं लोखंड भंगारात जात नाही

"अंगात लोह कमी आहे," असं डॉक्टर सांगतात, पण मुळात असतं किती? धडधाकट माणसात जेमतेम 3 ते 4 ग्रॅम. त्यातलं बहुतेक हिमोग्लोबिनमध्ये. खरी गंमत पुढे आहे. तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. मग मुख्यतः प्लीहेतल्या भक्षक पेशी तिला गिळतात, लोह सोडवून घेतात आणि ते नव्या पेशींसाठी अस्थिमज्जेकडे रवाना होतं. रोज 20-25 मिलिग्रॅम लोह असं फिरतं; जेवणातून शोषलं जातं ते फक्त 1-2 मिलिग्रॅम! जादा लोह बाहेर टाकायची खास सोय मात्र शरीरात नाही. म्हणून लोहाच्या गोळ्या मनानेच महिनोन् महिने घेत बसू नका.

कोबाल्टची तर बातच न्यारी. बी-12च्या इंजेक्शनमधलं औषध लालबुंद दिसतं ना? तो रंग रेणूच्या मधोमध बसलेल्या कोबाल्टचा आणि त्याभोवतीच्या कड्याचा. अख्ख्या शरीरात कोबाल्ट असतं जेमतेम 1 मिलिग्रॅम, पण त्याच्यावाचून रक्त आणि मज्जातंतू दोन्ही अडतात.

आणि किरणोत्साराचं नाव काढताच दचकणाऱ्यांसाठी: आपल्या अंगातल्या पोटॅशियम-40चे दर सेकंदाला 4000च्या आसपास अणू फुटत असतात. आत्ता, हे वाचतानासुद्धा!