भाजी खाणारा दगड

१९६७ सालीं जर्मानो चेलांत या इटालियन समीक्षकानें जिनोव्हा शहरांत कांहीं तरुण कलावंतांचें प्रदर्शन भरविलें आणि त्यांच्या कलेस 'आर्ते पोव्हेरा', म्हणजे दरिद्री कला, असें नांव दिलें. संगमरवर व ब्राँझ बाजूस सारून ही मंडळी चिंध्या, कोळसा, माती असल्या वस्तूंकडे वळली होती.

याच पंथांतील जोव्हान्नी आन्सेल्मो यांची १९६८ सालची एक कृति 'खाणारी रचना' म्हणून ओळखली जाते. ग्रॅनाइटचा एक उभा चौकोनी ठोकळा. त्याच्या माथ्याशीं एका बाजूस ग्रॅनाइटचाच लहान तुकडा. दोहोंच्या मध्यें लेट्यूस या पालेभाजीचा ताजा गड्डा दाबून बसविलेला, आणि भोवतीं तांब्याच्या तारेचा वेढा. एवढेंच!

पाला ताजा असेपर्यंत तार ताणलेली राहते. तो सुकून आक्रसूं लागला कीं तार सैल पडते व लहान दगड खालीं येतो. म्हणून पाला वरचेवर बदलावा लागतो. गुरुत्वाकर्षण एरवीं पुस्तकांत वाचावयाचें. येथें तें डोळ्यांदेखत काम करीत असतें.

यांत कौशल्य तें काय, असें कोणीहि विचारील, आणि तें रास्तच आहे. छिनी-हातोड्याचें कौशल्य येथें फारसें नाहीं. परंतु युगानुयुगें टिकणारा दगड दोन दिवसांच्या पाल्यावर विसंबून ठेवणें, ही कल्पना सामान्य खास नव्हे.

आन्सेल्मो २०२३ सालीं निवर्तले. कृति पॅरिसच्या पाँपिदू केंद्राच्या संग्रहांत आहे. ती मांडावयाची म्हणजे ताज्या भाजीची तजवीज आतां इतरांनाच करावी लागते.