घरांतील श्रवणसाधनें : पैसा कोठें घालावा?

घरीं बसून गाणें ऐकण्याची हौस आपल्याकडे नवी नाहीं. १९०२ सालीं फ्रेड गैसबर्ग हे ग्रामोफोन कंपनीच्या वतीनें कलकत्त्यास आले व त्यांनीं गौहरजान यांचें गाणें तबकडीवर उतरवून घेतलें. पुढें हळूहळू कर्ण्याचें यंत्र मध्यम स्थितीच्या कुटुंबांतहि मानाची जागा मिळवूं लागलें. त्या काळीं यंत्र सगळें मिळून एकच असे. तें घ्यावयाचें कीं नाहीं, एवढाच प्रश्न. आज ही स्थिति पालटली आहे. गाणें फोनमधून येतें. त्याच्या आंकड्यांचें विद्युल्लहरींत रूपांतर करणारें यंत्र निराळें मिळतें. त्या लहरींचें बळ वाढविणारा ॲम्प्लिफायर निराळा, स्पीकर निराळे, हेडफोन निराळे, आणि या सर्वांना जोडणाऱ्या तारासुद्धां निराळ्या. प्रत्येक वस्तूची किंमत कांहीं शेंकड्यांपासून लाखांपर्यंत. घरांतील मुलगा म्हणतो, ॲम्प्लिफायर बदलूं. दुकानदार म्हणतो, तारा बदला. आणि ज्यांच्या मिळकतींतून हा खर्च व्हावयाचा, त्या वडील माणसांस कोणाचें ऐकावें हें समजत नाहीं. या प्रश्नाचा निकाल साध्या शास्त्रीय माहितीनें बराचसा लागतो, असा आमचा अनुभव असल्यामुळें तो विषय आम्ही आज वाचकांपुढें मांडीत आहों.

दोष कोठें उत्पन्न होतो?

मुद्रित गाणें कानापर्यंत पोहोंचतें तें टप्प्याटप्प्यानें. पहिले टप्पे केवळ विजेचे आहेत. आंकड्यांचें लहरींत रूपांतर करणें व त्या लहरी मोठ्या करणें हीं कामें आजचीं बेताच्या किंमतीचीं यंत्रेंहि इतकीं बिनचूक करतात कीं, त्यांतील दोष टक्क्याच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास असतो. १९८२ सालीं जी कॉम्पॅक्ट डिस्क निघाली, तिच्यांत सेकंदास ४४,१०० वेळां ध्वनीचें माप घेतलेलें असतें. तेवढ्यानें सेकंदास २०,००० कंपनांपर्यंतचे सर्व स्वर नोंदले जातात. मनुष्याच्या कानाची वरची मर्यादा तीच आहे, आणि वय वाढेल तशी ती खालीं येते.

शेवटचा टप्पा मात्र निराळ्या जातीचा आहे. तेथें विजेनें एक पडदा हलवावयाचा आणि त्या पडद्यानें हवा हलवावयाची असते. पडद्याला वजन आहे, ताण आहे, कडेला त्याची स्वतःची थरथर आहे. त्यामुळें चांगल्या स्पीकरमध्येंसुद्धां, विशेषतः खर्जाकडील स्वरांत, एखाद्या टक्क्याचा दोष सहज असतो; आणि कोणते स्वर मोठे व कोणते बारीक निघतील याबाबतींत तर दोन स्पीकर अगर दोन हेडफोन कधींच सारखे नसतात. म्हणून आमचें पहिलें सांगणें असें कीं, पैसा आधीं स्पीकर अगर हेडफोन यांवर घालावा; इतर वस्तूंचा विचार मागाहून.

परीक्षा कशानें करावी?

दुकानांत बहुधा धडाक्याचें चित्रपटसंगीत लावून दाखवितात. तें ऐकून कांहींच समजत नाहीं. आमच्या मतें तंबोरा व तबला यांसारखी दुसरी कसोटी नाहीं. पुरुष गवयाचा षड्ज काळी एकवर धरला तर तो सेकंदास सुमारें १३९ कंपनांचा होतो, आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्या, म्हणजे सुमारें ६९ कंपनांची. पण जवारी चांगली लागली असेल तर त्याच तारेंतून कांहीं हजार कंपनांपर्यंतचे उपस्वर झिरपत असतात. तबल्याच्या शाईमुळें त्याचे उपस्वर सुरेल पटींत येतात, हें चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं एका सहकाऱ्यासह १९२० सालींच दाखवून दिलें होतें. तंबोऱ्याच्या जवारीविषयींहि त्यांनीं त्याच सुमारास लिहिलें.

तेव्हां आपल्या ओळखीची एखादी स्वच्छ मुद्रित मैफल लावावी आणि ऐकावें. जवारीचा झणत्कार मोकळा येतो कीं पत्र्यासारखा? डग्ग्याची घुमारी गोल येते, कीं नुसता धपका ऐकूं येतो? गवयाचा आवाज छातींतून निघाल्यासारखा वाटतो, कीं नाकांतून? ज्यानें खरा तंबोरा जवळून ऐकला आहे, त्यास या प्रश्नांचीं उत्तरें देण्यास कोणा तज्ज्ञाची गरज नाहीं.

हेडफोन

लहान घरांत, जेथें एकाचें गाणें दुसऱ्याच्या अभ्यासाआड येतें, तेथें हेडफोन हें सर्वांत कमी खर्चाचें उत्तम साधन होय. १९१० सालीं अमेरिकेंतील नॅथॅनिएल बाल्डविन यांनीं आपले हेडफोन तेथील आरमारास दिले, ते संदेश ऐकण्यासाठीं. संगीतासाठीं दोन्ही कानांस निरनिराळा ध्वनि देणारे हेडफोन जॉन कॉस यांनीं १९५८ सालीं पुढें आणले. १९६८ सालीं जर्मनीच्या सेनहायझर कंपनीनें पाठीमागून उघडा असलेला हेडफोन काढला, आणि तेव्हांपासून उघडे व बंद असे दोन वर्ग पडले. उघड्या हेडफोनमधून गाणें मोकळें, खोलींत चालल्यासारखें वाटतें. पण तें शेजारच्यासहि ऐकूं येतें आणि बाहेरचा गलका आंत येतो. रस्त्यावरील घरांत बंद हेडफोनच बरा.

किंमतीविषयीं एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. येरून ब्रेबार्ट नांवाच्या संशोधकांनीं २०१७ सालीं २८३ हेडफोनांचीं मापें तपासून पाहिलीं, तेव्हां खालच्या-वरच्या स्वरांचा समतोल आणि विक्रीची किंमत यांत कांहींच संबंध आढळला नाहीं. महाग हेडफोन अधिक टिकाऊ, अधिक हलका, अधिक सुबक असूं शकेल. पण अधिक सुरेल असेलच असें नाहीं.

हेडफोनसाठीं स्वतंत्र ॲम्प्लिफायर लागतो काय? हें त्याच्या विद्युतरोधावर व संवेदनक्षमतेवर अवलंबून आहे. एक मिलीवॅट शक्ति पोहोंचविण्यास ३२ ओहमच्या हेडफोनाला व्होल्टाच्या पांचव्या हिश्शाहूनहि कमी दाब पुरतो. ३०० ओहमच्या हेडफोनाला अर्ध्या व्होल्टाहून अधिक लागतो. पहिल्या जातीचा हेडफोन फोनवर सुखानें चालतो. दुसऱ्या जातीच्या हेडफोनांत आवाज क्षीण वाटला, तरच लहानसा ॲम्प्लिफायर घ्यावा. आवाज आधींच पुरेसा असेल तर त्या खर्चानें बहुधा कांहीं साधत नाहीं. उलट, कानावरील गाद्या झिजून चपट्या झाल्या असतील तर त्या बदलतांच गेलेला खर्ज परत येतो. हा बदल अल्प खर्चाचा असून तोच बहुधा कोणी करीत नाहीं.

ॲम्प्लिफायर आणि वॅटांचा भ्रम

ॲम्प्लिफायरची जाहिरात वॅटांच्या आंकड्यांनीं होते, आणि ५० वॅटांपेक्षां १०० वॅट दुप्पट मोठे वाटतील अशी ग्राहकाची समजूत होते. वस्तुतः शक्ति दुप्पट केल्यानें ध्वनि केवळ ३ डेसिबलनीं वाढतो. हा फरक जाणवतो, पण थोडा. कानास आवाज दुप्पट वाटावयास सुमारें १० डेसिबल, म्हणजे शक्ति दसपट करावी लागते. दिवाणखान्यांत नेहमींच्या बेतानें गाणें ऐकतांना साधारण स्पीकरास सरासरी एक-दोन वॅटच लागतात. बाकीचें बळ तबल्याच्या थापेसारख्या क्षणिक जोरासाठीं राखीव असतें. म्हणून घरांतील ॲम्प्लिफायर खरखरत नसेल, त्यांतून गुणगुण येत नसेल, आणि मोठ्या आवाजांत तो कर्कश होत नसेल, तर तो बदलण्याचें कारण नाहीं. जुन्या यंत्रांतील सुकलेलीं कपॅसिटरें व मळलेली आवाजाची कळ एखाद्या माहितगार कारागिराकडून दुरुस्त करून घेणें पुष्कळदां नव्या खरेदीपेक्षां श्रेयस्कर ठरतें.

खोलीचा हिस्सा

स्पीकर कितीहि चांगला असला तरी खोली त्यांत आपला सूर मिसळतेच. १२ फूट लांबीच्या खोलींत सेकंदास सुमारें ४७ कंपनांचा ध्वनि समोरासमोरच्या भिंतींत घुमून राहतो; त्यामुळें एका जागीं खर्ज फुगलेला व दुसऱ्या जागीं तोच नाहींसा झालेला आढळतो. स्पीकर कोपऱ्यांत दडपले तर ही घुमारी वाढते. ते भिंतीपासून हात-दीडहात पुढें घ्यावे, कानाच्या उंचीवर ठेवावे, आणि दोन स्पीकर व ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण होईल असें बसावें. गिलाव्याच्या उघड्या भिंती व फरशी यांवरून उच्च स्वर आदळून परततात. त्यांस जाड पडदा, सतरंजी, पुस्तकांनीं भरलेलें कपाट किंवा भिंतीवर टांगलेली आजीची गोधडी आवर घालते. या उपायांस जवळजवळ खर्च नाहीं, आणि त्यांचा परिणाम नव्या ॲम्प्लिफायरहून कितीतरी अधिक.

तारा आणि डोळे झांकून परीक्षा

स्पीकरच्या तारेचें काम वीज वाहून नेणें एवढेंच. घरांत वापरण्याची अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची दुहेरी तार पांच मीटर घेतली, तर तिचा रोध ओहमच्या दहाव्या हिश्शाहूनहि कमी भरतो. आठ ओहमच्या स्पीकरपुढें तो नगण्य आहे. तरीहि महाग तार लावल्यावर गाणें सुधारलें, असें प्रामाणिकपणें सांगणारे गृहस्थ भेटतात. ते खोटें बोलत नाहींत. डोळे कानास फसवितात, इतकेंच. कॅनडांतील राष्ट्रीय संशोधन संस्थेंत फ्लॉइड टूल यांनीं स्पीकर पडद्याआड ठेवून पुष्कळ वर्षें परीक्षा घेतल्या. पुढें १९९४ सालीं त्यांनीं व शॉन ऑलिव्ह यांनीं असें दाखविलें कीं, तेच श्रोते तेच स्पीकर डोळ्यांनीं पाहून ऐकूं लागले म्हणजे त्यांचे अभिप्राय बदलतात.

हा प्रयोग घरींहि करतां येतो. दोन्ही वस्तूंचा आवाज आधीं नेमका सारखा करावा, कारण जरासा मोठा आवाज नेहमीं सरस वाटतो. मग एकानें पडद्याआड तारा बदलाव्या व दुसऱ्यानें ओळखावें. दहांपैकीं नऊ वेळां बरोबर ओळखलें तर फरक खरा मानावा. पांच-सहा वेळां ओळखलें तर तो केवळ योगायोग. मुलांना या खेळाची गोडी लागते, आणि पैसे वांचतात तें निराळेंच.

जुन्या तबकड्या

ज्या घरीं वडिलार्जित ७८ फेऱ्यांच्या तबकड्या आहेत, त्यांनीं एक खर्च मात्र अवश्य करावा. त्या तबकड्यांची खांच रुंद असते. आधुनिक लाँग-प्ले तबकडीची बारीक सुई तिच्या तळाशीं जाऊन घासते व खरखर वाढविते. ७८ साठीं जाड टोकाची निराळी सुई मिळते, तीच घ्यावी. फेऱ्यांचा वेगहि तपासावा. ७८ ऐवजीं ८० फेऱ्या झाल्या तर सूर अडीच टक्क्यांनीं चढतो. म्हणजे कोमल व शुद्ध स्वरांत जें अंतर आहे, त्याच्या जवळजवळ निम्म्यानें. मग गवई बेसूर नसतो; यंत्र बेसूर असतें.

मूळ यंत्र म्हणजे कान

शेवटीं सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनीं २०१९ सालीं घालून दिलेली मर्यादा प्रौढांसाठीं आठवड्यास ४० तास ८० डेसिबल अशी आहे. मुलांसाठीं ती ७५ धरावी. दर ३ डेसिबलांस हा वेळ निम्मा होतो, म्हणजे ९० डेसिबलला आठवड्यांत सुमारें चारच तास उरतात. गलक्यांत बसून हेडफोनचा आवाज चढविणाऱ्या मुलांना हें आईबापांनीं वेळींच समजावून सांगावें. गेलेली श्रवणशक्ति कोणत्याहि ॲम्प्लिफायरनें परत येत नाहीं. त्याचप्रमाणें आजोबांना शब्द नीट कळत नाहींत म्हणून नवे स्पीकर आणण्यापूर्वीं त्यांच्या कानांची तपासणी करवावी. पुष्कळदां खरें साधन दुकानांत नसून कानाच्या डॉक्टरांकडे असतें.

सारांश, शंभर रुपये खर्चावयाचे असतील तर साठ-सत्तर स्पीकर अगर हेडफोन यांवर, वीस-पंचवीस ॲम्प्लिफायरवर, आणि उरलेले सुई, गाद्या व पडदे यांवर घालावे. तारांवर निराळें कांहीं घालूं नये. एवढें झाल्यावर यंत्रांचा विचार सोडून द्यावा. वांचलेल्या पैशांत वर्षांतून एक-दोन चांगल्या मैफलींस सहकुटुंब जाऊन यावें, म्हणजे खरा तंबोरा कसा वाजतो याचा कानांस विसर पडणार नाहीं.